लेकराची पहिली सर्दी आणि पुढचा दमा

श्रावण-भाद्रपदाची झड लागलेली असते. घरातली कर्ती माणसे निंदणी-फवारणीत अडकलेली. शाळेतून थोरला नाक ओढत येतो, दप्तर फेकतो आणि पाळण्यातल्या चार महिन्यांच्या भावाचा मुका घेतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तान्ह्याचे नाक वाहू लागते. आजी म्हणते, ‘सर्दीच तर आहे, वेखंड उगाळून लावा.’ आणखी दोन दिवसांनी लेकरू अंगावर पिईनासे होते, छाती घुरघुरते, पोट उडायला लागते. मग रात्री-अपरात्री बाळाला पदरात गुंडाळून दुचाकीवरून तालुक्याची वाट धरायची.

बहुतेक लेकरे यातून आठवड्या-दोन आठवड्यांत उठतात. औषधाचा खर्च होतो, विषय संपतो. पण दोन-तीन वर्षांनी तेच लेकरू दर थंडीत, दर मळणीच्या हंगामात धापा टाकू लागले, की घरात कुजबुज सुरू होते. ‘हा दमा आला कुठून? आमच्या खानदानात तर कुणाला नाही. सूनबाईच्या माहेरी असेल.’ शेतकरी बंधूंनो, या दोन प्रसंगांमध्ये काही दुवा आहे का, याचा शोध जगभरचे डॉक्टर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे घेत आहेत. त्यांच्या हाती काय लागले ते आज तुमच्यापुढे मांडतो. सूनबाईचे माहेर मध्ये आणण्याआधी एवढे वाचावे, ही विनंती.

माकडांच्या पिंजऱ्यात सापडलेला विषाणू

सर्दी म्हणजे एकच रोग नव्हे. ती आणणारे विषाणू पुष्कळ आहेत. त्यातले दोन आपल्या विषयापुरते महत्त्वाचे. पहिल्याचे नाव आरएसव्ही. १९५६ साली अमेरिकेत प्रयोगासाठी ठेवलेल्या चिंपांझी माकडांना सर्दी झाली, तेव्हा हा विषाणू प्रथम हाती लागला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरमधल्या आजारी तान्ह्या मुलांत सापडला. माकडाचा म्हणून ओळखलेला विषाणू मुळात माणसाच्याच लेकरांचा निघाला. दुसरा ऱ्हायनो व्हायरस. आपल्या नेहमीच्या साध्या पडशाचा हाच मुख्य धनी.

आरएसव्ही इतका सर्रास आहे की दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्या माणसाला नुसती सर्दी, घसा खवखवणे, बस्स. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत गोष्ट वेगळी. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचे जीव या विषाणूने घेतले, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातली जवळपास निम्मी मुले सहा महिन्यांच्या आतली, आणि शंभरातली ९७ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. आपल्याकडे मेळघाटातही महान ट्रस्टचे डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी गावांत जाऊन या विषाणूचा माग काढला आहे. तेव्हा हा काही परदेशातला, कागदावरचा रोग नाही.

आता बाळाच्या छातीत काय होते ते बघू. तुमच्या शेतातले ठिबक डोळ्यासमोर आणा. मेन लाइन, सबमेन, मग लॅटरल. फुप्फुसाची रचनाही तशीच. मोठ्या श्वासनळीला फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. क्षार साचून अडचण होते ती मेन लाइनला नाही, शेवटच्या बारीक नळीला. विषाणूही तिथेच बसतो. नळीचे आतले अस्तर सुजते, मेलेल्या पेशी आणि चिकट कफ यांचा गाळ साचतो. आणि पाइपाचे गणित तुम्हाला ठाऊक आहे. आतला व्यास निम्मा झाला, तर अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीला थोडी सूज आली तर कळतही नाही. तान्ह्याची नळी मुळातच सुतासारखी, तिथे तेवढीच सूज आली की श्वास कोंडतो. हवा आत जाते पण बाहेर पडताना अडते, म्हणून सूं-सूं, शिट्टीसारखा आवाज. डॉक्टर याला ब्राँकायोलायटिस म्हणतात.

पुन्हा, हे वय फुप्फुस घडण्याचे. हवेचे बारीक फुगे पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढत असतात. रोप दुपानी-चौपानी असताना बसलेला पाण्याचा ताण आणि फुलोऱ्यानंतर बसलेला ताण यात काय फरक, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आजाराने दमा आला, की दमेकरी छातीलाच आजार झाला?

स्वीडनमध्ये बोरास नावाचे गाव आहे. तिथे १९८९-९० च्या हिवाळ्यात आरएसव्हीमुळे दवाखान्यात भरती झालेली ४७ तान्ही मुले डॉक्टरांनी लक्षात ठेवली आणि त्यांच्याच वयाची, पण त्या कारणाने भरती न झालेली ९३ मुले तुलनेला घेतली. त्यांचा पाठपुरावा एक-दोन नाही, तब्बल अठरा वर्षे केला. अठराव्या वर्षी भरती झालेल्या गटात शंभरात ३९ जणांना दमा किंवा वारंवार धाप होती. दुसऱ्या गटात शंभरात ९.

हे वाचून पोटात गोळा येईल. पण थांबा, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसान शहराचा दाखला याच्या शेजारी ठेवायला हवा. तिथे १९८० पासून १२४६ नवजात मुलांची नोंद ठेवली गेली. त्यात आरएसव्हीने छाती भरलेल्या मुलांना पुढची काही वर्षे धाप जास्त लागली खरी, पण वय वाढत गेले तसा हा फरक कमी होत गेला आणि तेराव्या वर्षापर्यंत म्हणण्यासारखा उरला नाही. त्याच मुलांच्या नोंदींवरून १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजत होती, त्यातल्या शंभरात सुमारे साठ मुलांची सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबलेली होती. म्हणजे एकदा छाती वाजली म्हणून लेकरू जन्माचे दमेकरी झाले, असे समजून कपाळाला हात लावू नका. बोरासची मुले दवाखान्यात भरती होण्याइतकी आजारी होती, टूसानमधली बरीच घरीच बरी झालेली. निकालातला फरक काही अंशी यामुळेही असावा.

तिसरा अभ्यास विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनचा. १९९८ च्या सुमारास सुरू झाला. यात ज्यांच्या आईला किंवा बापाला दमा वा अ‍ॅलर्जी आहे अशीच मुले घेतली होती. पहिल्या तीन वर्षांत आरएसव्हीने छाती वाजली, त्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता सुमारे अडीचपट. ऱ्हायनो व्हायरसने वाजली, त्यांना जवळपास दहापट! आपण ज्याला ‘नुसते पडसे’ म्हणतो, त्याचा हा प्रताप. एक ध्यानात घ्या, नुसते नाक वाहण्याबद्दल हे आकडे नाहीत. पडशाबरोबर छाती वाजली, त्या मुलांचे हे आकडे आहेत.

मग खरा प्रश्न. विषाणूने छाती बिघडवली म्हणून दमा झाला, की छाती जन्मतःच नाजूक होती म्हणून विषाणूही जोरात चढला आणि पुढे दमाही झाला? कमकुवत रोपावर आधी मावा दिसतो, म्हणून सगळा दोष माव्याचाच का? डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांच्या हजारो जोड्या तपासून २००९ मध्ये संशोधकांनी कौल दिला तो दुसऱ्या बाजूने, म्हणजे नाजूकपणा आधीचा. डेन्मार्कच्याच मुलांमध्ये २०१४ साली एक जनुक सापडले. त्याचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना लहानपणी धापेचे जोरदार झटके येतात. पुढच्या वर्षी कळले की ऱ्हायनो व्हायरसचा एक गट त्याच जनुकापासून बनलेल्या कडीला धरून पेशीत शिरतो. घरातला वारसा आणि बाहेरचा विषाणू अशी दोघांची हातमिळवणी.

नेदरलँड्समध्ये दिवस भरण्याआधी जन्मलेल्या ४२९ बाळांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना आरएसव्हीला अडवणारी सुई दर महिन्याला, अर्ध्यांना नुसते पाणी. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी घटले. केवढे यश! पण सहाव्या वर्षी त्याच मुलांच्या फुप्फुसाची ताकद मोजली तर दोन्ही गटांत फरक नव्हता. इथे मामला मिटला असे वाटत असतानाच २०२३ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा निकाल आला. तिथे दिवस भरून जन्मलेली, धडधाकट बाळे घेतली होती. पहिल्या वर्षात ज्यांना आरएसव्ही झाला त्यांच्यात पाचव्या वर्षी शंभरात २१ जणांना दमा, ज्यांना झाला नाही त्यांच्यात १६ जणांना. फरक पाचचा. फार मोठा नाही, पण लाखो लेकरांच्या हिशेबात लहानही नाही.

माझ्या मते यातून शेतकऱ्याच्या घरी न्यायची गोष्ट एवढीच. पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, छातीपर्यंत उतरणारी सर्दी जितकी टळेल तितकी टाळावी. दम्याच्या कारणांपैकी ती एक कारण आहे, एकुलती एक नाही.

गोठ्याचा गुण आणि चुलीचा अवगुण

शेतकऱ्यांसाठी एक चांगली बातमीही आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत. दोघेही मूळचे युरोपातले, रक्ताने जवळचे, खाणेपिणे बरेचसे सारखे. आमिश घोड्याने शेती करतात, दुधाची जनावरे घराजवळच असतात, पोरे लहानपणापासून गोठ्यात लोळतात. हटराइटांची शेती मोठी, यंत्राची, आणि गोठे वस्तीपासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर हटराइट मुलांत २१.३ टक्के आढळले. गोठ्यातल्या धुळीतले जंतूंचे अंश लहान मुलाच्या शरीराला जणू तालीम देतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. युरोपातही गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांबाबत असेच दिसले आहे.

हे ऐकून कुणी तान्ह्याला गव्हाणीत नेऊन ठेवू नये, की निरसे दूध पाजू नये. निरशा दुधातून सांसर्गिक गर्भपाताचा आजार आणि क्षय माणसात येतो, हे आपल्या पशुवैद्यकांनी कितीदा सांगितले आहे. आणि मुख्य म्हणजे आमिशांच्या घरात धुराची चूल नसते. आपल्या घरात गोठ्याचा गुण एका हाताने मिळतो आणि चूल तो दुसऱ्या हाताने काढून घेते.

धुराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विषाणूला गावाच्या वेशीवर अडवणे तुमच्या-माझ्या हातात नाही, धूर मात्र आहे. धुराने नळीचे अस्तर आधीच भाजलेले असते. त्यावरची केसाळ लव, जी कफ वर ढकलते, ती मंदावते. मग आलेला विषाणू सरळ खाली उतरतो.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेची टाकी पुष्कळ घरांत आली. पण तुमच्याच आळीत फिरून बघा. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, आणि अंघोळीचे पाणी काट्याकुट्यांवर. टाकी भरायला पैसे लागतात, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या फुकट असतात, याचा दोष मी कुणाला देत नाही. पण पाळणा चुलीच्या खोलीत बांधू नका, एवढे तर बिनखर्चाचे आहे. पाणी तापवायची चूल अंगणात न्या.

आता नाजूक विषयाला हात घालतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची साले टाकून धुरी. आपल्या आज्या-पणज्यांनी हे केले ते मायेनेच. ओल्या घरात, बिनपंख्याच्या, बिनस्वेटरच्या काळात ऊब हवी होती. पण दारे-खिडक्या लावून कोंडलेल्या खोलीत निखारे आणि धूर, आणि त्यात सात दिवसांचे बाळ, हे त्याच्या छातीला झेपत नाही. कोळशाच्या निखाऱ्यांतून विषारी वायूही निघतो, त्याला वास नसतो. ऊब द्यायची तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधावे, डोक्याला टोपरे, पायात मोजे घालावेत. आजीबाईंना ‘तुमचे चुकले’ म्हणू नका. ‘ओवा आईला खायला द्या, धुरी बाळाला नको,’ असे म्हणा. मान राहतो आणि कामही होते.

डासांची अगरबत्ती म्हणजे कॉइल, ही तिसरी गोष्ट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बापाने विडी ओढली की आपण ओरडतो, आणि रात्रभर बाळाच्या उशाशी कॉइल लावतो. मच्छरदाणी एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अंगणात ओढली तरी कपड्याला आणि श्वासाला वास घेऊन आत येतात, हे खरे. तरी आतल्यापेक्षा बाहेर बरे, आणि सोडली तर फारच बरे.

उसाचे पाचट पेटवणे, काडीकचरा जाळणे याने जमिनीचे काय होते ते या पानावर अनेकदा येते. लेकरांच्या छातीचे काय होते, हा त्याचा दुसरा हिशेब. तूर-सोयाबीनची मळणी असेल तेव्हा पोरांना यंत्राच्या वाऱ्याखाली खेळू देऊ नये.

बारसे, मुके आणि साबण

हा विषाणू हवेतल्या तुषारांतून पसरतो, तसा हातानेही. नाक शिंकरलेल्या हाताने पाळण्याची कडी धरली की काही तास तो तिथे जिवंत राहतो. आणि घरात आणणारा बहुधा कोण, तर शाळेत-अंगणवाडीत जाणारे मोठे भावंड. केनियाच्या ग्रामीण भागात घराघरांत जाऊन केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. थोरल्याला रागावून उपयोग नाही. घरी आल्याबरोबर साबणाने हात धुवायची सवय लावा. सर्दी असेपर्यंत बाळाला घ्यायचे नाही, पायाला हात लावला तर चालेल, तोंडाला नाही, असा सोपा नियम करा.

बारशाला पन्नास बाया येतात, प्रत्येकीला बाळाचा मुका घ्यायचा असतो. नाही कसे म्हणणार? त्यातून बारसे पावसाळ्यात किंवा थंडीत आले तर अडचण मोठी. काही घरांनी बाळाला आईच्या मांडीवरच ठेवायची आणि लांबून ओवाळायची रीत पाडली आहे, ती मला पसंत पडली. कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी झालेले बाळ असेल तर आठवडी बाजार, जत्रा, एसटीची गर्दी पहिले सहा महिने टाळाच.

सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हा सल्ला तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल. पण आईच्या दुधातून बाळाला तयार संरक्षण मिळते आणि छाती भरून दवाखान्यात जायची वेळ कमी येते, हे पक्के आहे.

लशीचे विचाराल तर सांगतो. आरएसव्हीची लस करायचा पहिला प्रयत्न १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला आणि भलताच अंगाशी आला. लस टोचलेल्या मुलांना आजार उलट जोरात झाला, दोन मुले दगावली. त्या धसक्याने काम कित्येक वर्षे मागे पडले. आता गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत द्यायची लस आणि बाळाला जन्मल्यावर द्यायची एक सुई, अशी दोन साधने काही देशांत २०२३ पासून वापरात आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांची शिफारस केली आहे. त्यांनी बाळांचे दवाखान्यात भरती होणे खूप कमी होते. पुढचा दमाही टळतो का, हे कळायला ती मुले मोठी व्हावी लागतील. आपल्या सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात मात्र ही लस नाही. आहे ते तरी चुकवू नका. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते, तिचे तिन्ही डोस पूर्ण करा.

मिनिटभर मोजा

पोर जास्त आजारी आहे हे घरच्या घरी ओळखायला यंत्र लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना लेकरांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, की समजायचे न्यूमोनिया. जगाने नंतर त्याची दखल घेतली. आपल्याकडे मात्र आजही अनेक घरांत कपाळाला हात लावून ताप बघतात आणि श्वास कुणी मोजत नाही.

लेकरू शांत किंवा झोपलेले असताना अंगडे वर करा, पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना मोजलेला आकडा धरू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असेल, तर तो वेगवान समजावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर सरळ मोठा दवाखाना. आणि श्वास घेताना बरगडीखालचा भाग खोल आत ओढला जातो, बाळ पीत नाही, मलूल पडते, ओठ-नखे निळी पडतात, श्वास मध्येच थांबतो, असे काही दिसले तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. पोटावर डाग देणे, बिब्ब्याचे चटके, छातीवर गरम तेल रगडणे यात गेलेला एकेक तास लेकराला महागात पडतो.

औषधाचे बोलू. ब्राँकायोलायटिस विषाणूचा असल्याने त्याला प्रतिजैविकाची गोळी किंवा सुई उपयोगाची नाही. गरज पडली तर प्राणवायू, थोडे थोडे दूध, आणि नाक मोकळे ठेवायला मिठाच्या पाण्याचे थेंब, हाच उपचार. तरीही आशाताई किंवा सिस्टरने वेगवान श्वास बघून अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले तर वाद घालू नका. विषाणूचा आजार की जंतूचा न्यूमोनिया, हे गावात बसून सांगता येत नाही, म्हणून सरकारी नियमच तसा आहे. पण ‘डॉक्टर, एक सुई मारूनच द्या’ असा आग्रह आपण धरतो, तो सोडायला हवा.

खोकल्याच्या बाटलीचे तर नावच नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे दगावली. त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत आणलेली होती. घरी साध्या खोकल्याने बेजार, आईबापांनी विश्वासाने पाजलेले चमचाभर औषध, आणि मूत्रपिंडे निकामी. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचे औषध देऊच नये, आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नये.

पंपाची भीती

समजा, लेकरू पुढे वारंवार धापू लागले. रात्री खोकला, पळाले की खोकला, हसले तरी खोकला. पाच वर्षांच्या आत डॉक्टर ‘दमा’ हा शब्द चटकन उच्चारत नाहीत, कारण वर पाहिले तसे पुष्कळांचे थांबते. पण घरात कुणाला दमा असेल, लेकराच्या अंगावर इसबासारखी खाज असेल, सर्दी नसतानाही छाती वाजत असेल, तर शक्यता जास्त. अशा मुलाला औषध हवेतून, म्हणजे पंपातून द्यावे लागते. इथे आपले घोडे अडते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पोरीला पंप लागला तर लग्न कसे जमायचे?’ हे सगळे मी ऐकले आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी पोराला आंधळे ठेवत नाही. पोटातून दिलेले औषध सगळ्या अंगभर फिरते. पंपातले थोडेसे, तेही नेमके छातीत जाते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी शंभरात तेरा भारतात आहेत, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी शंभरात बेचाळीस आपले, असा २०१९ चा अंदाज आहे. एवढी तफावत पडण्यात रोगापेक्षा रोज घ्यायचे औषध न घेण्याचा वाटा मोठा आहे. दोन्ही औषधे, धाप उतरवणारे साल्ब्युटामॉल आणि रोज घ्यायचे ब्युडेसोनाइड, केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आरोग्य केंद्रात नसतील तर मागणी लावायला सांगा.

लहान मुलाला पंप थेट ओढता येत नाही, मध्ये नळकांडे लागते, त्याला स्पेसर म्हणतात. तो परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनची युक्ती बघा. तिथल्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली दाखवून दिले की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, कडा चिकटवून केलेला स्पेसर विकतच्या इतकेच काम करतो. डॉक्टरांकडून एकदा करून घ्यावा. अगदी लहान मुलाला तोंडावर बसणारा मास्क लागतो, तेवढा मात्र विकत घ्यावा.

सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांसाठी थोडे. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. या भेटी होतात का, हे मासिक सभेत विचारा. पण तिच्यावर ओरडण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात वस्त्यांवर, मळ्यांत जायला तिला वाट आहे का, हेही त्याच सभेत विचारा. अंगणवाडीत साबण आणि पाण्याचा नळ आहे का? खिचडीचा धूर पोरांच्या खोलीत येतो का? गावाजवळची वीटभट्टी शाळेच्या वाऱ्याच्या दिशेला आहे का?

आणि एक. २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत बोटाला लावून प्राणवायू मोजायची यंत्रे गावोगाव आली. त्यातली बरीच आज कपाटात, सेल गंजलेल्या अवस्थेत पडून असतील. ती बाहेर काढा, नवे सेल घाला. मात्र मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याच्या बोटाला नीट बसत नाही आणि आकडा चुकीचा दाखवतो. बाळासाठी पायाला गुंडाळायचा वेगळा प्रोब मिळतो. आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून उपकेंद्रासाठी तसा एक घेता येतो का, ते सिस्टरला विचारून बघा. पावसाळा सुरू व्हायच्या आत विचारा.